वर निखारे, खाली निखारे

भोसरी-चिंचवड पट्ट्यात बीड पारखणारी माणसं पैशाला पासरी. कुणी इंजिनाचा ब्लॉक तपासतं, कुणी ब्रेक ड्रम, कुणी पंपाचं आवरण. दिवसभर 'ब्लो होल आहे, रिजेक्ट' म्हणणारा हाच इन्स्पेक्टर ऑनलाइन डच ओव्हन मागवतो तेव्हा मात्र फोटो आणि चांदण्या बघून पैसे भरतो. माझं म्हणणं एवढंच, की हे भांडं आधी कास्टिंग आहे आणि मग भांडं.

दिसायला ते जाड बुडाचं, तीन पायांचं बिडाचं पातेलं. उचलायला तारेची कडी. खरी करामत झाकणात. ते जवळजवळ सपाट असतं आणि काठाला उभी कड असते, त्यामुळे वर रचलेले निखारे घसरत नाहीत. झाकण सरळ उचललं तर राखही रश्श्यात पडत नाही. खाली विस्तवाला जागा राहावी म्हणून पाय, आणि ते तीनच, म्हणजे खडबडीत जमिनीवरही भांडं डुगडुगत नाही.

ब्रिस्टलचा अब्राहम डार्बी 1704 मध्ये हॉलंडला जाऊन तिथली ओतकामाची रीत बघून आला आणि 1707 मध्ये त्याने वाळूच्या साच्यात लोखंडी भांडी ओतण्याचं पेटंट घेतलं. 'डच' हे नाव तिथूनच चिकटलं, असं म्हणतात. आपल्याकडे 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली ती लोखंडी नांगरांच्या जोरावर. पुढे 1946 मध्ये खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स, 1962 मध्ये एमआयडीसी, 1966 मध्ये टेल्कोचा पुण्यातला कारखाना असं करत ओतकाम या पट्ट्याच्या अंगवळणी पडलं. वाळू, बेंटोनाइट, कोळशाची पूड आणि पाणी यांचा साचा इंजिनाला लागतो, तसाच पातेल्यालाही.

बिडात साधारण तीन-साडेतीन टक्के कार्बन असतो आणि करड्या बिडात त्यातला बराचसा ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात विखुरलेला असतो. हे पापुद्रे कंपनं गिळतात, म्हणून लेथचा बेड बिडाचा करतात. पण तेच पापुद्रे धातूला ठिसूळही करतात. तापल्या भांड्यावर गार पाण्याचा तांब्या ओतला, की तडा गेलाच म्हणून समजा.

आता पारख. झाकण बसवून कडेवर चारी बाजूंनी बोटाने दाबा. डुललं तर ते भांडं घेऊ नका, वाफ कोंडणार नाही. मग अंगठा आत, तर्जनी बाहेर धरून काठाभोवती हात फिरवा. साच्याचे भाग सरकले असतील तर एक बाजू पातळ लागते, आणि तिथेच भाजी करपते. कडी अडकवायचे कान जाड हवेत; भरल्या भांड्याचा सगळा भार त्यांच्यावर येतो. लाकडाच्या तुकड्याने ठोकून बघा. बीड स्टीलसारखं घुमत नाही, पण धड भांड्याचा ठोका एकसंध येतो आणि तडा असेल तर आवाज फुटका येतो. आतून थोडं खरखरीत असलं तर बिघडत नाही. एनॅमलचं रंगीत भांडं दिसायला देखणं, पण ते गॅसवरच बरं. निखाऱ्यात घालू नये.

तेल मुरवायला जवसाचं घ्या. लावून पुसून टाका, इतकं की लावलंय की नाही अशी शंका यावी. मग भांडं पालथं घालून तासभर चांगलं तापवा आणि तिथेच निवू द्या. हे तीन-चारदा. जाड थर दिला की तो चिकटच राहतो. आमसूल, चिंच घातलेली आमटी सुरुवातीला नको, आंबट हा थर खातं.

या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारची. त्या दिवशी पवना धरणाच्या काठी चुलीवरच्या मटणाचे बेत रंगतात. मटण याच्यात उत्तम शिजतं, पण त्याला साधं पातेलंही चालतं. या झाकणाचं सार्थक होतं ते धोंडसात. कोकणातल्या घरांत वरखाली विस्तव ठेवून धोंडस भाजायची रीत जुनीच, सीकेपींचं भानोलंही तसंच भाजत. धोंडसाला लागतं किसलेलं तवसं, त्याचंच पाणी, गूळ, भाजलेला तांदळाचा रवा, ओलं खोबरं, वेलची. रवा शिजवून घ्यायचा आणि तूप लावलेल्या भांड्यात थापायचा.

ज्वाळा विझून निखारे पांढुरके झाले, की मांडणी. कोळशाच्या एकसारख्या विटकुळ्या असतील तर 12 इंची भांड्याला 24 धरा: 16 झाकणावर, 8 खाली गोलाकार, मधोमध एकही नको. आत साधारण 175 अंश सेल्सियस मिळतं. मटणाला हेच उलट, खाली जास्त. बाभळीचा कोळसा निरनिराळ्या आकाराचा असतो, तिथे मोजणी सोडा आणि वासावर चाला. गूळ खमंग होतो तो वास आणि जळतो तो वास यांत फार अंतर नसतं. वाऱ्याकडची बाजू लवकर तापते, म्हणून दर दहा-पंधरा मिनिटांनी भांडं पाव फेरा एका दिशेला आणि झाकण पाव फेरा उलट्या दिशेला फिरवायचं. झाकण उचलायला वर्कशॉपमधून सळईचा आकडा वाकवून आणावा. विकतच्यांपेक्षा तो लांब होतो आणि हात पोळत नाही.

झाकणासकट हे प्रकरण नऊ किलोच्या आसपास जातं, तेव्हा भंडारा डोंगर चढून वर स्वयंपाक करायचा विचार असेल तर ॲल्युमिनियमचा टोप न्या. घरी आल्यावर कोमट पाणी आणि नारळाची शेंडी पुरते. लगेच विस्तवावर कोरडं करून तेलाचा हात फिरवायचा, आणि झाकण किंचित उघडं राहील अशी कागदाची घडी मध्ये घालून भांडं ठेवून द्यायचं. पावसाळ्यात ही घडी विसरलात तर आत गंज धरतो. मग खरवडून पुन्हा जवसाच्या तेलापासून सुरुवात करायची.