वस्तादांची उतराई : हरिश्चंद्र बिराजदार आणि त्यांची शिष्यपरंपरा

पुणे : ताम्हिणीपासून पौडपर्यंतच्या मुळशी खोऱ्यात कुस्तीच्या फडाला ग्रामदैवताच्या उत्सवाइतकेच मानाचे स्थान आहे. महाराष्ट्रातील कुस्तीला संघटित रूप देणारे मामासाहेब मोहोळ याच तालुक्याचे सुपुत्र. ‘महाराष्ट्र केसरी’ विजेत्याच्या खांद्यावर विसावणारी चांदीची गदा त्यांच्याच स्मरणार्थ दिली जाते. मात्र गावच्या फडात नारळावरची कुस्ती मारणारा पोरगा आणि ती मानाची गदा यांच्यामध्ये मोठे अंतर असते. ते अंतर पार करायचे तर घर सोडून शहरातील तालमीत जावे लागते आणि तेथे पारखी नजरेचा वस्ताद भेटावा लागतो. पुण्यात अनेक वर्षे ही जबाबदारी निभावणाऱ्या वस्तादांमध्ये रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते.

मल्ल म्हणून कर्तृत्व

बिराजदार मूळचे लातूर जिल्ह्यातील निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे. कुस्तीच्या ओढीने मराठवाड्यातून ते मल्लविद्येचे माहेरघर असलेल्या कोल्हापुरात दाखल झाले. १९६९ मध्ये लातूर येथे झालेल्या अधिवेशनात त्यांनी ‘महाराष्ट्र केसरी’चा किताब पटकाविला. पुढच्याच वर्षी, १९७० मध्ये, एडिनबरो येथील राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत त्यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. तांबड्या मातीत घडलेला हा मल्ल गादीवरही तितकाच तरबेज होता, याची ही साक्ष होती.

कुस्तीशौकिनांच्या स्मरणात मात्र त्यांची एक लढत विशेष कोरली गेली आहे. १९७७ मध्ये बेळगावच्या मैदानात त्यांनी दिल्लीच्या सतपाल यांच्यावर विजय मिळविला. गुरू हनुमान यांचे पट्टशिष्य असलेल्या सतपाल यांचा तेव्हा देशभर दबदबा होता. पुढे हे दोन्ही प्रतिस्पर्धी वस्ताद झाले. सतपाल यांनी दिल्लीत सुशीलकुमार, योगेश्वर दत्त यांच्यासारखे ऑलिंपिक पदकविजेते घडविले, तर बिराजदार यांनी पुण्यातील गोकुळ वस्ताद तालीम ही आपली कर्मभूमी मानली. शिष्य त्यांना आदराने आणि तितक्याच आपुलकीने ‘मामा’ म्हणत.

वस्ताद म्हणजे केवळ प्रशिक्षक नव्हे

आधुनिक क्रीडा प्रशिक्षकाशी वस्तादाची तुलना पूर्णपणे होऊ शकत नाही. प्रशिक्षकाचा संबंध प्रामुख्याने सरावाशी येतो; वस्तादाचा मात्र पठ्ठ्याच्या संपूर्ण दिनक्रमाशी. पहाटेचे जोर, बैठका आणि सपाटे, हौद्यातील मातीची मशागत, लढतीचा सराव, खुराक, विश्रांती या साऱ्यांवर त्याची नजर असते. ढाक, कलाजंग, धोबीपछाड हे डाव पुस्तकातून शिकता येत नाहीत. पकड कोठे घट्ट करावी, प्रतिस्पर्ध्याचा तोल कोणत्या क्षणी ढळतो, हे वस्ताद अंगाला हात लावूनच दाखवितो.

कोणाची जोड कोणाशी लावायची, हा निर्णय तर त्याहून नाजूक. तयारीआधीच बलाढ्य मल्लापुढे उभे केले, तर होतकरू पोरगा दुखापतीने किंवा खचलेल्या मनाने कायमचा मागे पडतो. पदरमोड करून दूध, तूप आणि बदामाचा खर्च भागविणारे शेतकरी आई-वडील आपला मुलगा वस्तादाच्या हवाली करतात, तेव्हा त्यामागे हाच विश्वास असतो.

बिराजदार यांच्या पिढीपुढे आणखी एक आव्हान होते. मातीतील निकाली कुस्ती पाठ टेकेपर्यंत चालते, तेथे दमसास आणि सबुरीला महत्त्व असते. गादीवर मात्र वेळ मोजकी आणि गुणांची गणती क्षणाक्षणाला. तेथे चपळाई, वाकून घेतलेला पवित्रा आणि पायांवरील झपाट्याची पकड निर्णायक ठरते. त्यामुळे मातीत तयार झालेल्या मल्लाला गादीसाठी पुन्हा नव्याने घडवावे लागते. दोन्हींवर स्वतः पराक्रम गाजविलेल्या वस्तादाचे मोल येथेच कळते.

शिष्यांची मांदियाळी

बिराजदार यांच्या तालमीत घडलेले लातूर जिल्ह्यातीलच काका पवार यांनी ग्रीको-रोमन प्रकारात आंतरराष्ट्रीय कीर्ती मिळविली. १९९८ चा अर्जुन पुरस्कार त्यांना लाभला. केंद्र सरकारने २००६ मध्ये ध्यानचंद पुरस्कार देऊन खुद्द वस्तादांचा गौरव केला. १४ सप्टेंबर २०११ रोजी बिराजदार यांचे पुण्यात निधन झाले.

वस्ताद गेला की तालीम पोरकी होते आणि उमेदीचे मल्ल विखुरतात, हा कुस्तीक्षेत्राचा जुना अनुभव. बीड जिल्ह्यातील पाटोद्याचा राहुल आवारे त्या वेळी ऐन विशीत होता. ज्येष्ठ गुरुबंधू काका पवार यांनी त्याची जबाबदारी पत्करली आणि कात्रज परिसरातील आपल्या कुस्ती संकुलात त्याचा सराव पुढे सुरू ठेवला. एप्रिल २०१८ मध्ये गोल्ड कोस्ट येथील राष्ट्रकुल स्पर्धेत राहुलने ५७ किलो गटात सुवर्णपदक जिंकले आणि ते दिवंगत गुरूंना अर्पण केले. गुरूच्या सुवर्णानंतर ४८ वर्षांनी त्याच स्पर्धेत शिष्याला सुवर्ण मिळावे, याहून मोठी गुरुदक्षिणा ती कोणती? २०१९ मध्ये राहुलने जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्यपदक मिळविले, तर २०२० चा अर्जुन पुरस्कारही त्याच्या वाट्याला आला.

याच परंपरेची पुढची पायरी जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीत दिसली. ‘महाराष्ट्र केसरी’च्या अंतिम लढतीत गादी विभागाचा विजेता हर्षवर्धन सदगीर आणि माती विभागाचा विजेता शैलेश शेळके समोरासमोर आले. दोघेही काका पवार यांचेच पठ्ठे. हर्षवर्धनने अटीतटीच्या लढतीत बाजी मारली आणि लगेच पराभूत मित्राला खांद्यावर उचलून घेतले.

वारसा टिकणार कसा?

तालमीची विद्या कागदावर उतरलेली नसते. ती एका अंगातून दुसऱ्या अंगात जाते. मधली एक पिढी जरी निसटली, तरी साखळी तुटते. म्हणूनच बिराजदार यांचे मोठेपण केवळ त्यांच्या पदकांत शोधून चालणार नाही. आपल्या पश्चात तालीम सांभाळेल असा शिष्य त्यांनी वेळीच तयार केला, ही त्यांची खरी कमाई. मुळशी-मावळातून आजही खांद्यावर वळकटी टाकून पुण्यात येणाऱ्या मुलांना मॅट, व्यायामशाळा आणि आहारतज्ज्ञ हवेच आहेत. पण त्यांना ‘अरे, अजून तुझी वेळ यायची आहे’ असे हक्काने सांगणारा वस्तादही तितकाच हवा आहे.