धुराची नळी आणि तिचा गंज

मोटारसायकलीच्या इंजिनातून निघून सायलेन्सरला मिळणारी जी वाकडी नळी असते, तिला आपल्याकडील गॅरेजांतून बेंड पाइप म्हणतात. चाके, ब्रेक, दिवे यांच्याकडे आपले लक्ष असते. या नळीकडे मात्र ती फुटून फटफट वाजू लागेपर्यंत कोणी पाहत नाही. मग बाजारातून नवी नळी आणून ती घाईघाईने बसविली जाते, आणि दोन पावसाळे उलटण्याच्या आत तिच्यावरही तांबूस पुटे चढू लागतात. गोव्यात मोटारसायकल हे अनेकांच्या चरितार्थाचे साधन आहे. प्रवाशांची ने-आण करणाऱ्या ‘पायलट’ मंडळींची एका दिवसाची खोटी म्हणजे एका दिवसाची मिळकत बुडणे होय. म्हणून नवी नळी कशी बसवावी आणि तिला गंजापासून कसे राखावे, याचा आज थोडा विचार करू.

गंज म्हणजे काय, हे शाळेत आम्ही तीन परीक्षानळ्यांच्या प्रयोगाने दाखवितो. एका नळीत खिळा, पाणी आणि हवा असते. दुसरीत उकळून हवा घालविलेले पाणी आणि त्यावर तेलाचा थर असतो. तिसरीत केवळ कोरडी हवा असते. काही दिवसांनी पाहावे तो पहिल्या नळीतील खिळाच तेवढा गंजलेला आढळतो. लोखंड, प्राणवायू आणि पाणी हे तिघे एकत्र आल्यावाचून नेहमीचा गंज चढत नाही. आणि पाण्यात मीठ असले की हे काम कितीतरी वेगाने होते.

हाच नियम आपल्या नळीला लावून पाहा. इंजिन चालू असताना नळीचे तापमान शंभर अंशांच्या पुष्कळ वर जाते. तेथे पाण्याचा थेंब टिकत नाही. अर्थात पाण्याने होणारा गंज धावत्या गाडीला नव्हे, तर उभ्या गाडीला चढतो. नळी थंड होते, दमट हवेतील ओल तिच्यावर बसते, समुद्रकाठचे मीठ त्या ओलीत विरघळते, आणि रात्रभर हा उद्योग चालू राहतो.

परंतु हे झाले बाहेरचे. पुष्कळ नळ्या आतून कुजतात, आणि याचे कारण पेट्रोलमध्येच आहे. पेट्रोल जळाले की त्यातील हायड्रोजनचे पाणी होते. एक लिटर पेट्रोल जळाले म्हणजे सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने या नळीतून बाहेर पडते! नळी नीट तापलेली असेल तर ही वाफ निघून जाते. पण नळीचे व सायलेन्सरचे अंग सुमारे ५० अंशांच्या खाली असेल तर तिचे आतल्या आत पाणी होते, आणि धुरातील आम्ले त्यात मिसळतात. घरापासून बाजारापर्यंत एक किलोमीटर जाऊन गाडी थांबविणाऱ्याच्या सायलेन्सरमध्ये हे पाणी साचतच राहते. म्हणूनच इंदूर किंवा हैदराबाद यांसारख्या समुद्रापासून दूरच्या शहरांतही सायलेन्सर कुजलेले दिसतात. सायलेन्सरच्या खालच्या अंगास एक बारीक भोक असेल, तर ते या पाण्याच्या निचऱ्यासाठी ठेवलेले असते. ते गळतीचे भोक समजून कधीही बुजवू नये.

आता नवी नळी निवडण्याविषयी. साध्या पोलादाची नळी स्वस्त पडते, परंतु तिची सारी भिस्त वरच्या लेपावर असते. १९१३ साली शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी क्रोमियम मिसळलेले जे पोलाद तयार केले, त्यातून आजच्या स्टेनलेस स्टीलचा धंदा वाढला. या पोलादातील क्रोमियम हवेशी मिळून पृष्ठभागावर एक अदृश्य कवच निर्माण करते, आणि ओरखडा पडला तरी ते पुन्हा आपोआप धरते. नळ्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या ४०९ जातीत क्रोमियम सुमारे ११ टक्के असते. ३०४ जातीत ते सुमारे १८ टक्के असून शिवाय ८ टक्के निकेल असते. किनारपट्टीवर दुसरी जात अधिक टिकते. तथापि मिठापुढे तीही सर्वस्वी अजिंक्य नाही. तिलाही बारीक खड्डे पडतात.

येथे कायद्याचेही एक पाऊल पाहून घ्यावे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांच्या गाड्यांत धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर याच मार्गात बसविलेला असतो. तो काढून टाकणारी किंवा आवाज वाढविणारी नळी लावणे हा गुन्हा आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे ध्वनी व धूर यांची मर्यादा मोडणाऱ्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तेव्हा नळी आपल्याच गाडीच्या नमुन्याची आणि मूळ रचनेशी जुळणारी घ्यावी.

साध्या पोलादाच्या नळीचे रक्षण ती गाडीवर चढविण्यापूर्वीच करावयाचे असते. सर्व तेलकटपणा थिनरने पुसून काढावा, गंजाचा ठिपका उरू न देता पॉलिश कागदाने धातू उघडा करावा, आणि त्याच दिवशी उष्णता सोसणारा सिलिकॉनयुक्त रंग पातळ थरांनी द्यावा. दमट हवेत उघडे पोलाद एका रात्रीतही तांबूस होते. म्हणून हे काम मृग लागण्यापूर्वी, कोरड्या दिवसांत उरकावे. हा रंग नुसत्या वाळण्याने पक्का होत नाही, त्याला ताव द्यावा लागतो. डब्यावर लिहिलेल्या क्रमाने थोडे तापवावे, पूर्ण निवू द्यावे, मग अधिक तापवावे. गाडीवर बसवून इंजिनाच्या आचेने हे करावयाचे असल्यास ते उघड्यावरच करावे. बंद खोलीत इंजिन चालविल्यास कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो जीव घेतो.

जुनी नळी काढताना घाई सर्वांत महाग पडते. इंजिनाच्या तोंडाशी नळी ज्या स्टडांवर आवळलेली असते, ते वर्षानुवर्षांच्या उष्णतेने व गंजाने जखडून गेलेले असतात. स्टड तुटून ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये अडकला, तर तो काढण्याचा खर्च नळीच्या किमतीहून अधिक येण्याचा संभव असतो. आदल्या दिवशी गंज सोडविणारे पातळ तेल थंड इंजिनावर सोडावे. दुसऱ्या दिवशी नट थोडा सैल, थोडा घट्ट असा मागेपुढे फिरवीत काढावा. जुने गास्केट खरवडून काढावे, परंतु फार जुन्या गाडीच्या गास्केटात ॲस्बेस्टॉस असू शकते. ते कोरडे घासून धूळ उडवू नये. ओले करून उचलावे.

नवी नळी बसविताना नवेच गास्केट घालावे. आरंभी सर्व जोड हातानेच सैल लावावेत, आणि नळी कोठेही ओढली जात नाही ना, हे पाहावे. नंतर इंजिनाकडील दोन्ही नट आळीपाळीने थोडेथोडे आवळावेत, मग मधला जोड, आणि सर्वांत शेवटी मागील पट्टी. या क्रमास कारण आहे. एक मीटर पोलादी नळी चारशे अंशांनी तापली की सुमारे पाच मिलिमीटर लांबते. ताण देऊन बसविलेल्या नळीला ही वाढ सोसत नाही; ती वेल्डिंगपाशी तडकते, आणि त्या चिरेत पाणी शिरून गंजाला घर मिळते. इंजिन सुरू करण्यापूर्वी नळीवरील बोटांचे ठसे पुसून टाकावेत, अन्यथा ते कायमचे भाजून निघतात. पहिल्या फेरीनंतर नळी निवल्यावर नट पुन्हा तपासावेत.

पुढची निगा अगदी साधी आहे. समुद्रकाठी फिरून आल्यावर नळी निवू द्यावी आणि गोड्या पाण्याने धुवावी. तापलेल्या नळीवर पाणी ओतू नये. धुतल्यानंतर वीस मिनिटे गाडी चालवून तिला आतबाहेर कोरडी करावी. ओल्या गाडीवर प्लॅस्टिक घट्ट पांघरू नये, कारण त्याखाली ओल कोंडते. नळीला कापडी पट्टी गुंडाळण्याची हौस साध्या पोलादाच्या बाबतीत टाळावी. ती पावसाचे पाणी धरून ठेवते. स्टेनलेस नळी लोखंडी तारेच्या काथ्याने घासू नये, लोखंडाचे कण तिच्यात रुतून तेच गंजतात.

आठवड्यातून एकदा तरी गाडी लांब न्यावी, इतकी की सायलेन्सरच्या टोकाचे थेंब थांबावेत. आतले पाणी हटविण्यास याहून स्वस्त उपाय नाही. आणि बाहेरच्या पाण्यासाठी एक बादली गोडे पाणी व एक कोरडे फडके पुरेसे आहे.