आबांची सही

हिंजवडीत संगणकाखेरीज आणखी काही घडत असेल, हे आम्हा जुन्या रहिवाशांच्या डोक्यातच नव्हते. दुसऱ्या टप्प्यातल्या ‘जिनोव्हा’ने बनवलेल्या देशातल्या पहिल्या एम-आरएनए करोना लशीला जून २०२२ मध्ये तातडीच्या वापराची परवानगी मिळाली, तेव्हा कुठे आम्ही कान टवकारले. त्याआधी सुमारे चार हजार माणसांनी चाचणीसाठी दंड पुढे केले होते. कोणाला ही लस, तर कोणाला तुलनेसाठी दुसरी.

अशा चाचणीचे बोलावणे गेल्या वर्षी आमच्याच घरी आले. मधुमेहाच्या नव्या गोळीसाठी डॉक्टरांनी आबांना विचारले. ‘डॉक्टर सांगताहेत ना, मग करून टाकू सही,’ आबा म्हणाले. पिढ्यान्‌पिढ्यांची सवय! मी मात्र संमतिपत्राचा तो जाडजूड मराठी गठ्ठा घरी आणला आणि रात्री त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येते. चाचणीमुळे इजा झालीच तर उपचार आणि भरपाई मिळते. २०१९ च्या नियमांतच तशी तरतूद आहे.

पुढच्या भेटीत आबांनी स्वतःच विचारले, ‘मला नवी गोळी मिळणार की जुनी?’

‘ते मलाही कळणार नाही,’ डॉक्टर म्हणाले. ‘दोघांनाही ठाऊक नसले, म्हणजे निकालात मनाचे खेळ शिरत नाहीत.’

‘आणि नाही म्हटले तर?’

‘आहे तेच औषध चालू राहील.’

आबांनी चष्मा खिशात ठेवला. ‘दोन दिवस द्या, बघतो,’ म्हणाले. उभ्या आयुष्यात डॉक्टरांपुढे ते प्रथमच ‘बघतो’ म्हणत होते. सही त्यांनी तिसऱ्या दिवशी केली.