तोडलेल्या रानाचा पैसा : तो येतो कुठून आणि मुरतो कुठे?



रस्ता रुंद करायचा असो, धरण बांधायचे असो की खाण उघडायची असो, रानावर कुऱ्हाड पडली की एक वाक्य आपल्या कानांवर हमखास येते : "काळजी करू नका, याच्या बदली दुसरीकडे झाडे लावणार आहेत." हे आश्वासन अगदीच पोकळ नाही. त्यामागे कायदा आहे, हिशेब आहे आणि फार मोठा पैसाही आहे. मात्र ही झाडे पुष्कळदा आपल्या गुरांच्या चरणीच्या जागेत येऊन पडतात, म्हणून हा हिशेब आपण समजून घेतला पाहिजे.

१९८० साली केंद्र सरकारने वनसंरक्षण कायदा केला. तेव्हापासून वनजमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर केंद्राची परवानगी लागते. परवानगी देताना अट घातली जाते की, जितकी वनजमीन जाईल तितकीच वनेतर जमीन शोधून वनखात्याच्या हवाली करायची आणि तिच्यावर झाडे लावण्याचा खर्च प्रकल्पवाल्याने भरायचा. काही प्रकल्पांना, विशेषतः केंद्र सरकारच्या, अशा जमिनीऐवजी उजाड झालेल्या वनजमिनीवर दुप्पट क्षेत्रात लागवड करण्याची सवलत असते. यालाच भरपाई वनीकरण म्हणतात.

पण रान म्हणजे नुसती झाडे नव्हेत. रान पाणी धरून ठेवते, माती धुपू देत नाही, मध, मोळी, हिरडा, चारा देते. नवी लागवड मोठी होईपर्यंत हे सर्व बुडते. त्याची किंमत कोणी द्यायची? गोदावर्मन खटल्यात (हा खटला १९९५ साली दाखल झाला आणि वनांसंबंधीचे असंख्य आदेश त्यातूनच निघाले) सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितले की, लागवडीच्या खर्चाखेरीज या नुकसानाचे मोलही वसूल करा. या मोलाला सरकारी भाषेत निव्वळ वर्तमान मूल्य म्हणतात. कांचन चोप्रा या अर्थशास्त्रज्ञ बाईंच्या समितीने त्याचा अभ्यास केला आणि २००८ मध्ये न्यायालयाने दर ठरवून दिले. रानाचा प्रकार आणि दाटी पाहून हेक्टरी ४ लाख ३८ हजार ते १० लाख ४३ हजार रुपये. जमीन अभयारण्यातली असेल तर पाचपट आणि राष्ट्रीय उद्यानातली असेल तर दहापट. २०२२ मध्ये हे दर सुमारे दीडपट झाले.

याचा अर्थ पैसे भरले की राष्ट्रीय उद्यान तोडायला मोकळीक मिळते असा नव्हे. मोले येथून जाणाऱ्या कॅसल रॉक ते कुळे या रेल्वेमार्गाच्या दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली. नुकसानीची किंमत ठरवणे वेगळे आणि ते नुकसान करावे की नाही हे ठरवणे वेगळे. या दोन गोष्टींची गल्लत होऊ नये.

आता पैशाचा प्रवास पाहू. न्यायालयाने कोणाकडून काय वसूल करायचे ते सांगितले, पण जमलेला पैसा खर्च करण्याची घडी बसायला फार वर्षे गेली. २००६ मध्ये एक तात्पुरती समिती नेमली गेली. तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून सगळेजण या पैशाला 'कॅम्पा' म्हणू लागले. २००९ पासून न्यायालयाने वर्षाला सुमारे १,००० कोटी रुपये राज्यांना देण्याची परवानगी दिली. बाकीची रक्कम बँकेत व्याज खात पडून होती. (ज्या गावाचे रान गेले, त्या गावच्या विहिरीला त्या व्याजाने पाणी लागले नाही, हे निराळे.) अखेर २०१६ मध्ये संसदेने भरपाई वनीकरण निधीचा कायदा केला आणि तो सप्टेंबर २०१८ अखेरीस लागू झाला. आता जमलेल्या पैशातले ९० टक्के राज्यांना आणि १० टक्के केंद्राच्या निधीला मिळतात. वर्ष संपले म्हणून हा पैसा बुडत नाही, शिल्लक पुढे चालते.

ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्राने साचलेल्या रकमेतून २७ राज्यांना मिळून ४७,४३६ कोटी रुपये दिले. त्यात मध्य प्रदेशाला सुमारे ५,१९६ कोटी, महाराष्ट्राला ३,८४४ कोटी, तेलंगणाला ३,११० कोटी, गुजरातला १,४८४ कोटी, कर्नाटकाला १,३५० कोटी आणि लहानशा गोव्याला २३८ कोटी मिळाले. जिथे अधिक रान गेले तिथे अधिक पैसा आला, असा हा उलटा मान आहे.

हा पैसा कशावर खर्चावा याचेही नियम आहेत. नुकसानाच्या मोलापोटी आलेल्या रकमेतले निदान ८० टक्के वने व वन्यजीव यांच्या प्रत्यक्ष व्यवस्थेवर खर्चायचे : लागवड, मृदा व जलसंधारण, वणवे रोखणे, वन्यप्राणी आणि माणूस यांच्यातला संघर्ष कमी करणे. रानालगतच्या गावांना सरपण वाचवणाऱ्या चुली देण्याचीही त्यात तरतूद आहे. अभयारण्यातल्या गावांचे स्थलांतरही या पैशातून होऊ शकते, मात्र ते लोकांच्या स्वेच्छेने झाले पाहिजे. २०११ मध्ये खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्य जाहीर झाले. त्याच्या पोटात आमगाव, गवळी, कोंगळा, तळेवाडी अशी जुनी गावे आहेत. तिथल्या लोकांनी 'स्वेच्छा' हा शब्द नीट लक्षात ठेवावा.

याउलट, खात्याच्या कायम नोकरांचे पगार, परदेशदौरे, वरिष्ठ अधिकाऱ्यांची घरे, कचेऱ्या व त्यांतले फर्निचर, प्राणिसंग्रहालये यांवर हा पैसा खर्चायला मनाई आहे. मनाई आहे म्हणजे तसे घडत नाही असे नाही. उत्तराखंडात २०१९ ते २०२२ या काळात सुमारे १३ कोटी ८६ लाख रुपये भलत्याच कामांकडे वळवले गेले आणि त्यांतून आयफोन, लॅपटॉप, फ्रिज, कूलर घेतले गेले, असे महालेखापरीक्षकांच्या २०२५ मध्ये मांडलेल्या अहवालात आले. त्याआधी २०१३ च्या अहवालात तर मुळालाच हात घातला होता. २००६ ते २०१२ या काळात वनखात्याला १ लाख ३ हजार हेक्टरांहून अधिक वनेतर जमीन मिळायला हवी होती, मिळाली फक्त २८ हजार हेक्टर आणि प्रत्यक्ष लागवड झाली ती ७,२८१ हेक्टरांच्या आसपास. शंभर बिघे देणे असलेल्या माणसाने सात बिघे पेरून दाखवावेत, तसा हा प्रकार झाला.

असे का होते? एक कारण आपल्याला लगेच पटेल. रोपे वर्षभर आधी रोपवाटिकेत तयार व्हावी लागतात, खड्डे उन्हाळ्यात खणावे लागतात आणि मृगाचा पाऊस पडताच लागवड उरकावी लागते. राज्याचा वार्षिक आराखडा मात्र राज्याच्या समितीकडून दिल्लीला जातो आणि मंजूर होऊन परत येतो. मंजुरी श्रावणात आली तर ते वर्ष गेलेच. मग पैसे खर्ची टाकण्याच्या घाईत भाद्रपदात रोपे टोचली जातात आणि मार्गशीर्षापर्यंत त्यांच्या काड्या होतात. दुसरे कारण जागेचे. मोकळी, सलग, वादात नसलेली जमीन आहे कुठे? मग नजर जाते ती गायरानावर आणि पडीक दिसणाऱ्या गावठी माळावर. पडीक ती कचेरीतून पाहणाऱ्याला. गुराख्याला विचारा, कोणत्या महिन्यात तिथे कोणते गवत असते ते तो सांगेल.

तिसरे कारण झाडांच्या निवडीचे. भराभर वाढणारे आणि गुरे तोंड न लावणारे झाड लावले की राखण सोपी होते आणि मोजणीत आकडा भरतो. आपल्या घाटभागात, गोव्यात आणि कर्नाटकात, ऑस्ट्रेलियन बाभळीची लागवड अशीच फोफावली. तिच्या थंडगार सावलीत उभे राहून खाली पाहा : वाळलेल्या पानांचा जाड थर, गवताचे नाव नाही. जांभूळ, किंजळ, हिरडा, आवळा, करंज, उंबर यांची वाढ सावकाश होते आणि त्यांना पहिली काही वर्षे कुंपण व राखण लागते. त्या राखणीलाही या निधीतून पैसा आहे. तो मागणारा हवा.

मागायचे कोणी? ग्रामसभेने. २०१६ मध्ये राज्यसभेत या विधेयकावर चर्चा झाली तेव्हा जयराम रमेश यांनी ग्रामसभेच्या संमतीचा आग्रह धरला होता. कायद्यात ती आली नाही. मंत्री अनिल दवे यांनी नियमांत काळजी घेण्याचे आश्वासन दिले आणि २०१८ च्या नियमांत ग्रामसभेशी किंवा गावच्या वनसमितीशी सल्लामसलत करण्याची, तसेच वनहक्क कायद्याला धरून काम करण्याची अट आली. सल्ला आणि संमती यांत अंतर आहे, हे कबूल. पण सल्ला विचारलाच नाही, तर ती नियमाची मोडतोड ठरते आणि तसे लेखी विचारता येते. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली गावाचे सामूहिक हक्क मान्य झाले असतील, तर आपल्या रानाचे संरक्षण आणि व्यवस्था करण्याचा अधिकार खुद्द ग्रामसभेकडे येतो. आदिवासी नसलेल्यांनाही हा दावा करता येतो. मात्र १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षे, ते मुख्यतः त्या रानात राहत आणि उपजीविकेसाठी त्याच्यावर विसंबून असले पाहिजेत. आजोबांच्या काळचे बाप्तिस्मा व लग्नाच्या नोंदवहीतले दाखले इथे उपयोगी पडू शकतात. ते हवे असतील तर मला येऊन भेटा, जुन्या वह्या चाळून देईन.

गावात लागवडीचा फलक लागण्याआधी, म्हणजे मार्चपूर्वीच, ग्रामसभेत हा विषय घ्या. रेंज कचेरीकडे लेखी विचारा : आमच्या हद्दीत या निधीतून कोणते काम धरले आहे, कोणत्या सर्व्हे नंबरात, कोणत्या जातीची किती रोपे, राखण किती वर्षे, गुरांच्या वाटेचे आणि पाणवठ्याचे काय? उत्तर आले नाही तर केंद्राच्या माहिती अधिकार कायद्याखाली साध्या कागदावर अर्ज करता येतो आणि तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. अर्जात सर्व्हे नंबर घालायला विसरू नका. नंबर नसला की 'माहिती उपलब्ध नाही' असे लिहून कागद परत करणे सोपे जाते.