धोतराच्या चुण्या निगेटिव्हमध्येच असतात

अनसिंगच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. आजोबांच्या लग्नातले ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्ह स्कॅन करून घेतले, तर धोतर नुसतंच पांढरंफेक आलं. एकच निगेटिव्ह कमी-जास्त एक्सपोजर देऊन दोन-तीनदा स्कॅन केलं आणि ते स्कॅन एकत्र केले, तर चुण्या दिसतील म्हणतात. खरं का?

बऱ्याचदा खरं. निगेटिव्ह खिडकीसमोर धरून बघा. नवरदेवाचा काळा कोट जवळजवळ पारदर्शक दिसेल आणि पांढरं धोतर काळंकुट्ट. धोतरावरून भरपूर उजेड आला म्हणून तिथे चांदीचे कण दाट बसले. त्या दाटीतून जो थोडासा उजेड पलीकडे जातो, त्यातच चुण्या असतात. पण तो इतका क्षीण की सेन्सरच्या खरखरीत हरवतो. भर उन्हातून माजघरात आल्यावर फडताळातली भांडी दिसायला जरा थांबावं लागतं, तसं स्कॅनरलाही तिथे जास्त वेळ थांबवायचं. त्या वेळात कोट पार उजळून वाया जातो. म्हणून कोट पहिल्या स्कॅनमधून घ्यायचा, धोतर दुसऱ्यातून.

हा क्षीणपणा मोजायची पट्टी ज्यांनी दिली, त्यांचं नाव आज फारसं कुणी घेत नाही, याची मला खरोखर खंत वाटते. फर्डिनांड हर्टर रसायनतज्ज्ञ आणि व्हेरो ड्रिफील्ड इंजिनिअर. दोघं इंग्लंडमधल्या विडनेसच्या रसायन उद्योगात नोकरीला, फोटोग्राफी हा फावल्या वेळचा छंद. ठरावीक मेणबत्तीसमोर, ठरावीक अंतरावर, ठरावीक सेकंद त्यांनी प्लेटा धरल्या, धुतल्या आणि प्रत्येकीतून किती उजेड आरपार जातो ते मोजलं. घनता 1 म्हणजे उजेडाचा दहावा भाग पार, 2 म्हणजे शंभरावा, 3 म्हणजे हजारावा. 1890 साली त्यांनी एक्सपोजरबरोबर घनता कशी वाढते याचा आलेख छापला: खाली सपाट पायथा, मधे सरळ चढ, वर पुन्हा सपाट होत जाणारा खांदा. त्याने एवढी खळबळ उडाली की फोटोग्राफी ही कलाच आहे असं हिरिरीने मांडणाऱ्या पीटर हेन्री एमर्सन यांनी आपला दावा जाहीरपणे मागे घेतला आणि त्यामागच्या कारणांत या दोघांचं काम सांगितलं! पुढे 1997 मध्ये डेबेव्हेक आणि मलिक या संशोधकांनी वेगवेगळ्या एक्सपोजरचे फोटो जोडण्याची, म्हणजे ‘एचडीआर’ची, प्रसिद्ध रीत मांडली. तिची पहिली पायरीसुद्धा अशीच वक्ररेषा शोधण्याची आहे.

हीच युक्ती चित्रपटांच्या रिळांनाही लागू पडते. पुण्यात 1964 पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय जुनी रिळं सांभाळतंय. अशी रिळं डिजिटल करण्यासाठी जे खास स्कॅनर निघाले, त्यांपैकी ॲरीस्कॅनमध्ये प्रत्येक फ्रेमवर दोनदा प्रकाश टाकण्याची सोय आहे: एकदा पातळ भागासाठी, एकदा दाट भागासाठी.

आता सावधगिरी. एकाच स्कॅनच्या फाइलमधून एक उजळ आणि एक गडद प्रत काढायची आणि त्या जोडून ‘एचडीआर’ म्हणायचं, यात नवी माहिती कणभरही येत नाही. एक्सपोजर खरोखर वाढलं पाहिजे, म्हणजे सेन्सरने जास्त वेळ उजेड गोळा केला पाहिजे. स्कॅनरच्या खोक्यावरच्या ‘16 बिट’लाही भुलू नका, खरखरसुद्धा 16 बिटांत नोंदवता येते. त्याच एक्सपोजरचे चार स्कॅन घेऊन सरासरी काढली तर खरखर निम्मी होते, हा मात्र प्रामाणिक फायदा आहे. आणि कोटाचा जो भाग निगेटिव्हवर कोरा आहे, तिथे चांदीच नाही. तिथे एखाद्या ॲपने गुंड्या दाखवल्या तर त्या आजोबांच्या नव्हेत, ॲपने काढलेल्या.

चांगला स्कॅनर नसेल तर कॅमेरा चालतो. ट्रायपॉड, निगेटिव्हमागे एकसारखा पांढरा प्रकाश, आणि बदलायचा फक्त शटरचा वेळ. ॲपर्चर आणि फोकसला हात लावायचा नाही. मधे निगेटिव्ह काढून परत ठेवलं, किंवा दिव्याच्या उष्णतेने फिल्म जराशी वाकली, तरी चित्रं जुळत नाहीत आणि धोतराच्या काठाला दुहेरी रेघ येते.

निगेटिव्हच्या डब्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो का, तेही बघा. तो ॲसिटेट फिल्म कुजत असल्याचा वास. उष्णता आणि दमट हवेत कुजणं वेगाने वाढतं, फिल्म आकसते, वेडीवाकडी होते आणि सपाट बसेनाशी होते. असे रोल इतरांपासून वेगळे ठेवा आणि आधी तेच स्कॅन करा.