‘डल’ची नोंद

कोशात काही शब्द दिसायला लहान आणि रोजच्या वापरातले असतात. त्यांना एखाद-दुसरा प्रतिशब्द दिला की झालं, असं वाचणाऱ्याला वाटतं. इंग्रजीतला ‘डल’ हा त्यातलाच. बोथट सुरी, मळभ आलेलं आकाश, विटलेला रंग, थंडावलेला बाजार, दिवसभर मागे लागलेलं मंद दुखणं, वर्गात मागे पडणारा मुलगा आणि पुढे सरकता सरकत नाही असं पुस्तक, या सगळ्यांना इंग्रजी माणूस हा एकच शब्द लावतो. हंगेरियन माणूस लावत नाही. त्यामुळे इंग्रजी–हंगेरियन कोश करणाऱ्याला या शब्दाची आधी पूर्ण फोड करावी लागते, मगच प्रतिशब्द शोधायला बसता येतं.

ही फोड मी जवळून पाहिली. बुडापेश्तमध्ये राहत होते तेव्हा ज्या बाईंकडे हंगेरियन शिकायला जायचे, त्या मूळच्या भाषांतरकार. विद्यार्थ्यांसाठी एक छोटा कोश तयार करण्याचं काम त्यांनी घेतलं होतं. मला थोडी भाषा यायला लागल्यावर त्यांनी मला मदतीला बसवलं. चिठ्ठ्यांवर उतरवलेली इंग्रजी वाक्यं वाचायची, ज्या चिठ्ठ्या एकमेकींच्या जवळ वाटतील त्या एका गठ्ठ्यात ठेवायच्या, एवढंच माझं काम. चिठ्ठीला हंगेरियनमध्ये ‘त्सेदुलॉ’ म्हणतात. बाईंच्या घरी संगणक होता आणि अंतिम नोंद त्यावरच व्हायची. पण अर्थांची वाटणी करताना त्यांना कागद लागायचा. चिठ्ठी हातात धरून इकडची तिकडे सरकवता येते, आणि ती सरकवतानाच कळतं की दोन वाक्यांत शब्द एक असला तरी गोष्ट एक नाही.

वाटणी करताना त्या कधीही शब्दाकडे पाहत नसत, त्याच्या शेजाऱ्याकडे पाहत. ‘डल’च्या पुढे काय आलंय? सुरी आली असेल तर ‘तोम्पॉ’ किंवा ‘एलेत्लेन’. आकाश असेल तर ‘बोरूश’. रंग असेल तर ‘फॉको’. बाजारातली मागणी असेल तर ‘लॉञ्हॉ’, आणि व्यापार पार थंडावला असेल तर ‘पॉन्गो’. साचून राहिलेल्या पाण्यालाही ‘पॉन्गो’च म्हणतात. पुस्तक, व्याख्यान, रविवारची दुपार असेल तर ‘उनॉल्मॉश’. इंग्रजीची एक चिठ्ठी ठेवावी आणि समोर हंगेरियनचे सहा-सात गठ्ठे उभे राहावेत, असं ते टेबल दिसायचं.

यातल्या ‘तोम्पॉ’पाशी आम्ही सगळ्यात जास्त रेंगाळलो. ‘डल’च्या सगळ्यात जवळचा शब्द हाच. सुरीची धार, दाबून दुखणारं दुखणं, जमिनीवर जड वस्तू पडल्याचा धप्प आवाज आणि भूमितीतला विशालकोन, या सगळ्यांना तो चालतो. तो मूळचा स्लाव. हजारभर वर्षांपूर्वी स्लाव भाषांत अनुनासिक स्वर होते. पुढे त्यांतल्या बहुतेक भाषांमधून ते गेले. हंगेरियनने शब्द त्याआधीच उचलले, म्हणून रशियनमध्ये ज्याचं ‘तुपोय’ झालं त्याच मुळातला ‘म’ हंगेरियन ‘तोम्पॉ’त अजून ऐकू येतो. कामाला हंगेरियनमध्ये ‘मुन्कॉ’ म्हणतात. तोही असाच आलेला, आणि मुळात त्याचा अर्थ होता यातना. बाईंनी हे सांगितलं तेव्हा मी ‘तोम्पॉ’ची चिठ्ठी पुन्हा हातात घेऊन पाहिली. परकी भाषा शिकताना असा एखादा क्षण येतो की शब्द पाठ करायची वस्तू राहत नाही, त्याला वय येतं.

इंग्रजी ‘डल’चा प्रवास नेमका उलटा. जुन्या इंग्रजीत ‘डोल’ म्हणजे मूर्ख. जर्मनमधला ‘टोल’, म्हणजे वेडा, हा त्याचा नातेवाईक. म्हणजे इंग्रजीत हा शब्द आधी बुद्धीला लागला आणि धारेला नंतर. धारेवरून बुद्धीकडे जाणं आपल्याला सहज वाटतं, कारण मराठीत ‘तल्लख’ आणि ‘कुशाग्र’च्या समोर ‘बोथट’ बसतोच. म्हणून इंग्रजीतला अर्थ उलट दिशेने सरकला हे सांगितल्याशिवाय लक्षात येत नाही. कोशकाराने अर्थांचा क्रम इतिहासाप्रमाणे लावायचा की आज काय जास्त बोललं जातं त्याप्रमाणे? बाई आजच्या वापराच्या बाजूच्या. शाळकरी मुलाला सुरी आणि पुस्तक आधी हवं, जुनी इंग्रजी नको. मला हे पटलं.

सगळ्यात कठीण गठ्ठा ‘मागे पडणाऱ्या मुला’चा. हंगेरियनमध्ये ‘बुतॉ’ म्हणजे सरळ मूर्ख. ‘नेहेझफेयू’ म्हणजे शब्दशः जड डोक्याचा. समजायला वेळ लागणाऱ्याला ‘नेहेझ फेल्फोगाशू’ म्हणतात, म्हणजे ज्याचं आकलन जड आहे असा. इंग्रजीतला ‘डल’ यांच्या मधे कुठेतरी आहे. तो शिवी नाही, पण मायाही नाही. बाईंनी आधी ‘बुतॉ’ लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं आणि शेवटी ते दुसऱ्या क्रमांकावर ठेवून त्याच्या मागे तुच्छतादर्शक अशी खूण घातली. त्यांनी बरीच वर्षं शाळेत शिकवलं होतं, त्यामुळे त्या खुणेबद्दल त्या फार आग्रही होत्या. ज्याला भाषा येत नाही तो कोशातला पहिला शब्द उचलतो आणि समोरच्या माणसावर फेकतो, असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडे ‘ढ’ आणि ‘मठ्ठ’ किती सहज वापरले जातात ते आठवून मला त्या खुणेचं मोल जास्तच कळलं.

‘काम सोडून खेळायलाच मिळालं नाही तर जॅक डल होतो’ या अर्थाची इंग्रजी म्हण आहे. तो जॅक मठ्ठ होतो की नीरस? वाक्यावरून ठरत नाही, आणि इंग्रजी बोलणाऱ्याला ते ठरवायची गरजही पडत नाही. हंगेरियनमध्ये मात्र ठरवावंच लागतं. ती चिठ्ठी आमच्याकडे कुठल्याच गठ्ठ्यात गेली नाही. म्हणीला नोंदीच्या शेवटी वेगळी जागा देऊन संपूर्ण वाक्याचं भाषांतर करायचं ठरलं.

‘एलेत्लेन’बद्दल एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे. ‘एल’ म्हणजे धार. ‘एलेत्लेन’ म्हणजे धार नसलेलं. नीट फोकस न झालेल्या फोटोलाही हाच शब्द. पण ‘एलेत’ म्हणजे जीवन, आणि त्याचं ‘एलेत्तेलेन’ म्हणजे निर्जीव. डोळ्यांतलं तेज गेलं असेल तर इंग्रजीत ते डोळे ‘डल’ होतात, हंगेरियनमध्ये त्यांना ‘एलेत्तेलेन’ म्हणता येतं. दोन्ही शब्द ‘डल’च्याच नोंदीत, काही ओळींच्या अंतरावर, आणि कानाला फरक फारच थोडा. मुद्रितं वाचताना बाई या दोन शब्दांवर पेन्सिलीचं टोक ठेवून एकेक अक्षर मोजत.

नसणं दाखवायला हंगेरियन शब्दाच्या शेवटी प्रत्यय लावते. प्रकाश नसलेलं ते ‘फेञ्तेलेन’, रंग नसलेलं ‘सीन्तेलेन’, मीठ नसलेलं ‘शोत्लॉन’. मराठीत आपण हेच पुढून करतो: निस्तेज, नीरस, बेचव. ‘शोत्लॉन’ पाहिल्यावर मी न विचारताच अर्थ सांगितला. ज्याच्या बोलण्यात काही गंमत नाही अशा माणसाला हंगेरियन लोक बिनमिठाचा म्हणतात. आणि आपला ‘अळणी’ तरी काय, लवण नसलेलाच. दोन भाषांचा एकमेकींशी काही संबंध नसताना दोघींनी जेवणाच्या ताटावरून माणसाची पारख केली. बाईंना मी ‘अळणी’ची व्युत्पत्ती सांगितली तेव्हा त्यांनी ती आपल्या वहीत लिहून घेतली. कोशात तिचा काही उपयोग नव्हता, तरी घेतली.

कंटाळ्याच्या गठ्ठ्यात मात्र शब्द मोप. इंग्रजीत ‘डल’च्या शेजारी ‘बोरिंग’, ‘टीडियस’, ‘मोनॉटनस’, ‘ड्रिअरी’, ‘हमड्रम’ अशी वस्तीच आहे. हंगेरियनमध्ये एकसुरी ते ‘एद्यहॉन्गू’, म्हणजे शब्दशः एका आवाजाचं. लांबण लागलेलं ते ‘वोन्तॉतोत्त’. ओढत नेण्याच्या क्रियापदापासून आलेलं, आपल्या ‘रटाळ’च्या अगदी जवळचं. ‘हमड्रम’साठी ‘स्युर्के हेत्कोझनॉपोक’ हा शब्दप्रयोग फार ऐकू येतो: करडे आठवडी दिवस, म्हणजे रविवार सोडून उरलेले. मुलं ‘उनॉल्मॉश’चं ‘उन्ची’ करतात. त्याला बोलीभाषेची खूण. आणि या सगळ्यांच्या मुळाशी ‘उन’ हे छोटं क्रियापद.

इथे व्याकरण मधे येतं. इंग्रजीत कंटाळा आणणारी वस्तू ‘बोरिंग’ आणि कंटाळलेला माणूस ‘बोर्ड’. हंगेरियनमध्ये पुस्तकाचा कंटाळा आला तर ‘उनोम’ म्हणतात. तिथे कंटाळण्याची क्रिया मी करते आणि पुस्तक हे कर्म. नुसतंच कंटाळवाणं वाटत असेल तर ‘उनॉत्कोझोम’, हे वेगळं. दुसऱ्याला कंटाळा आणायचा तर ‘उन्तॉत’. मराठीत कंटाळा बाहेरून येतो. मला येतो, मी तो करत नाही. निदान तो येतो तेव्हा तरी नाही, कारण ‘कामाचा कंटाळा करणं’ हे आपल्याकडे आळसात जमा होतं. हंगेरियनमध्ये मात्र माणूसच कर्ता, म्हणून इंग्रजी शिकणारा हंगेरियन मुलगा ‘मी बोर झालो’ सांगायला जातो आणि ‘मी बोरिंग आहे’ असं बोलून बसतो. बाईंनी या एका चुकीसाठी नोंदीत छोटी चौकट घातली. प्रकाशक जागा वाचवायला सांगत होता, तरी चौकट त्यांनी काढू दिली नाही.

मग उलटतपासणी. एवढं झाल्यावर प्रत्येक हंगेरियन शब्द घ्यायचा आणि तो इंग्रजीत परत कुठे जातो ते पाहायचं. ‘तोम्पॉ’ परत ‘डल’वर आलाच, पण ‘ब्लंट’वरही गेला, विशालकोनाच्या इंग्रजी शब्दावरही गेला, दबलेल्या आवाजावरही. त्याचं क्रियापद ‘तोम्पीत’; मोटारीचा दिवा खाली केला की त्या दिव्याला हंगेरियनमध्ये ‘तोम्पीतोत्त फेञ्सोरो’ म्हणतात, आणि इंग्रजीत तिथे ‘डल’ येत नाही. उलटतपासणीत जो शब्द दुसऱ्याच गावाला पोचतो, त्याच्या मागे कंसात इशारा घालायचा: सुरीबद्दल, हवेबद्दल, माणसाबद्दल. हे कंस लिहिण्यात बाईंचा वेळ प्रतिशब्द शोधण्यापेक्षा जास्त गेला.

बाईंच्या टेबलावर कायम उघडा असायचा तो ओर्साग लास्लो यांचा मोठा कोश. हंगेरियन रीतीप्रमाणे आडनाव आधी. ओर्साग १९०७ साली सोम्बॉतहेयमध्ये जन्मले आणि १९८४ साली वारले. त्यांचा इंग्रजी–हंगेरियन कोश १९४८ साली आला. ते देब्रेत्सेनच्या विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक. पण १९५० च्या सुमारास नव्या साम्यवादी राजवटीने इंग्रजीचा तो विभाग बंद केला. अध्यापन गेल्यावर ते पुन्हा कोशाच्या कामाला लागले. हंगेरियन भाषेचा सात खंडांचा अर्थकोश १९५९ ते १९६२ या काळात निघाला, त्याच्या दोन संपादकांपैकी ते एक. १९६० साली त्यांचा मोठा इंग्रजी–हंगेरियन कोश प्रसिद्ध झाला. ज्या काळात इंग्रजी शिकवायलाच जागा नव्हती, त्या काळात त्यांनी पुढच्या पिढ्यांच्या इंग्रजीची तयारी करून ठेवली. हंगेरीत आजही इंग्रजी कोशाची गोष्ट निघाली की आधी ‘ओर्साग’ म्हणतात. माझ्या मते त्या नावाचा हा सगळ्यात मोठा सन्मान.

सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ सालच्या आपल्या इंग्रजी कोशात ‘डल’च्या एका अर्थाला उदाहरण दिलं ते कोश रचण्याच्या कामाचं. इतकं आनंद न देणारं काम, असा त्याचा भाव. मी जे पाहिलं ते तसं नव्हतं. काम संथ होतं, डोळ्यांना त्रास देणारं होतं, आणि एखाद्या चिठ्ठीवर अख्खी संध्याकाळ जायची हेही खरं. पण ‘फॉको’ रंगाला चालतो तसा आवाजाला चालेल का, यावर बाई ज्या तन्मयतेने विचार करत, त्यावरून त्यांना कंटाळा शिवलेला नव्हता हे दिसायचं.

मराठीत आपल्याकडे हे काम फार आधी सुरू झालं. मोल्सवर्थ यांचा मराठी–इंग्रजी कोश १८३१ सालचा. त्यांनी सुरू केलेला इंग्रजी–मराठी कोश कँडी यांनी पूर्ण केला तो १८४७ सालचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नीळकंठ बाबाजी रानडे यांचा मोठा इंग्रजी–मराठी कोश आला. ही आपली जुनी आणि भक्कम पुंजी आहे. पण आज शाळांतून वापरले जाणारे बरेचसे छोटे कोश ‘डल’पुढे मंद, मठ्ठ, कंटाळवाणा, बोथट, फिका अशी रांग लावून थांबतात. सुरी कुठली आणि आकाश कुठलं, ते मुलाने ओळखायचं. मग परीक्षेत ‘बोथट आकाश’ लिहिलं जातं आणि दोष मुलाला मिळतो.

मुलांसाठी इंग्रजी–मराठी कोश घ्यायला गेलात तर मुखपृष्ठ आणि शब्दांची संख्या पाहू नका. ‘डल’ उघडा. प्रत्येक प्रतिशब्दामागे कंसात तो कशाबद्दल वापरायचा हे लिहिलं असेल तरच तो कोश घ्या, आणि मुलांना तो कंसासकट वाचायला शिकवा.