नाणेसंग्रह : खरें मोल व खोटा मोह

पुष्कळांच्या घरीं आजीच्या पेटींत, कपाटाच्या तळाशीं किंवा एखाद्या पत्र्याच्या डब्यांत चार-दोन जुनीं नाणीं पडलेलीं असतात. एरव्हीं त्यांची कोणास आठवणहि होत नाहीं. परंतु अलीकडे आमच्या वर्गांतील विद्यार्थी तीं खिशांत घालून शाळेंत आणूं लागले आहेत, आणि त्यांचा प्रश्न बहुधा एकच असतो : “सर, हें नाणें लाख रुपयांस जातें म्हणतात, तें खरें काय?” कधीं कधीं हाच प्रश्न पालकहि विचारतात. एका शब्दांत ‘नाहीं’ असें सांगून मोकळें होतां येईल. पण त्यामुळें मुलांच्या जिज्ञासेचा अंकुरच खुडला जाईल. नाण्यांचा संग्रह हा छंद उत्तम आहे. त्याच्या नांवावर चाललेला व्यापार मात्र सर्वच चांगला नाहीं. म्हणून नाण्यास मोल कशानें येतें, स्मारक नाणीं म्हणजे काय, आणि संग्रह कसा करावा, हें ह्या लेखांत क्रमानें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

नाणें हा इतिहासाचा साक्षीदार आहे, हें प्रथम ध्यानांत घ्यावें. ग्रंथ नष्ट होतात, वाडे ढासळतात, पण धातूचा हा लहानसा तुकडा मातींत दोन हजार वर्षें टिकतो. नाशिक जिल्ह्यांतीलच एक उदाहरण घेऊं. जोगळटेंभी ह्या गांवीं १९०६ सालीं चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सांपडला. त्यांत १३,२५० हून अधिक नाणीं होतीं, आणि तीं क्षहरात वंशांतील नहपान राजाचीं होतीं. रेव्हरंड एच. आर. स्कॉट ह्यांनीं त्यांचा अभ्यास करून वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर नहपानाच्या मुखवट्यावरच गौतमीपुत्र सातकर्णी ह्या सातवाहन राजाचा छाप मारलेला आढळला. जिंकलेल्या राजाचा पैसा गोळा करून त्यावर जेत्यानें आपली मुद्रा उमटविली, हा त्याचा सरळ अर्थ. नाशिकच्या लेण्यांत गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिच्या शिलालेखांत आपल्या पुत्रानें क्षहरातांचा उच्छेद केल्याचें म्हटलें आहे. ती मातेनें केलेली नुसती स्तुति कीं खरी घटना, ह्याचा निवाडा ह्या मूक नाण्यांनीं केला. तो साठा विद्वानांच्या हातीं पडण्यापूर्वीं एखाद्या सोनाराच्या मुशींत गेला असता, तर चांदी तेवढी उरली असती व इतिहासाचें एक पान कायमचें वितळून गेलें असतें. आपल्या घरच्या डब्याकडे पाहतांना ही गोष्ट मनांत असूं द्यावी.

आतां स्मारक नाण्यांकडे वळूं. एखाद्या थोर व्यक्तीच्या, संस्थेच्या अगर घटनेच्या स्मरणार्थ सरकार जें विशेष छापाचें नाणें काढतें, त्यास स्मारक नाणें म्हणतात. स्वतंत्र भारतांत हा प्रघात १९६४ सालीं सुरू झाला. पंडित जवाहरलाल नेहरू ह्यांच्या निधनानंतर त्यांची प्रतिमा असलेलीं एक रुपयाचीं व पन्नास पैशांचीं नाणीं काढण्यांत आलीं. पुढें १९६९ सालीं महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीनिमित्त वीस पैशांपासून दहा रुपयांपर्यंत चार नाणीं निघालीं. त्यांतील दहा रुपयांचें नाणें पंधरा ग्रॅम वजनाचें असून त्यांत शेंकडा ऐशीं भाग चांदी होती. तेव्हांपासून आजपर्यंत अशा नाण्यांची मालिका अखंड चालू आहे. १९९९ सालच्या दोन रुपयांच्या नाण्यावर छत्रपति शिवाजी महाराज व त्याच सालच्या एक रुपयाच्या नाण्यावर संत ज्ञानेश्वर आहेत. अंधांस लिपि देणारे लुई ब्रेल २००९ सालच्या दोन रुपयांच्या नाण्यावर, तर मदर तेरेसा २०१० सालच्या पांच रुपयांच्या नाण्यावर आढळतात. २०१५ सालीं दहा रुपयांच्या नाण्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले.

ह्या नाण्यांचे दोन वर्ग आहेत, आणि त्यांतील भेद न समजल्यामुळेंच पुष्कळ लोक फसतात. पहिला वर्ग रोजच्या व्यवहारासाठीं पाडलेल्या नाण्यांचा. तीं फार मोठ्या संख्येनें निघतात व भाजीबाजारांतहि आपल्या हातीं येतात. वर सांगितलेलीं रुपया, दोन व पांच रुपयांचीं नाणीं ह्याच वर्गांतील. दुसरा वर्ग केवळ संग्राहकांसाठीं काढलेल्या नाण्यांचा. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरास एक हजार वर्षें पूर्ण झाल्याबद्दल २०१० सालीं काढलेलें एक हजार रुपयांचें नाणें, किंवा संसदेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनप्रसंगीं २०२३ सालीं निघालेलें पंचाहत्तर रुपयांचें नाणें, हीं ह्या वर्गांतील होत. पंचाहत्तर रुपयांच्या त्या नाण्याचें वजन ३५ ग्रॅम असून त्यांत अर्धी चांदी, शेंकडा चाळीस भाग तांबें आणि पांच-पांच भाग निकल व जस्त आहे. साडेसतरा ग्रॅम चांदीचीच किंमत पंचाहत्तर रुपयांच्या कितीतरी पट होते, हें त्रैराशिक येणाऱ्या कोणाहि मुलास समजेल. म्हणून अशीं नाणीं सरकारी टांकसाळ दर्शनी किंमतीस विकीत नाहीं. मागणी नोंदवून व अधिक मूल्य भरून तीं घ्यावीं लागतात.

नाणें कोणत्या टांकसाळींत पाडलें तेंहि ओळखतां येतें. बहुतेक नाण्यांवर सालाच्या आंकड्याखालीं पाहावें. तेथें चौकटच्या आकाराची खूण असल्यास नाणें मुंबईचें, तारा असल्यास हैदराबादचें, टिंब असल्यास नोएडाचें, आणि कांहींच खूण नसल्यास कलकत्त्याचें समजावें. मुलांनीं आज घरीं गेल्यावर वडिलांच्या परवानगीनें दहा नाणीं मागून घ्यावीं व हा प्रयोग करून पाहावा.

आतां मुख्य प्रश्न : नाणें दुर्मिळ कशानें होतें? सामान्य समजूत अशी कीं, जितकें जुनें तितकें मौल्यवान. ही समजूत चुकीची आहे. शिवाजी महाराजांचा सोन्याचा होन आज अत्यंत दुर्मिळ आहे. परंतु त्यांच्या नांवाची तांब्याची शिवराई एकोणिसाव्या शतकापर्यंत बाजारांत चालत होती, आणि ती आजहि पुष्कळ आढळते. रोमन साम्राज्याच्या चौथ्या शतकांतील तांब्याचीं नाणीं युरोपांत अगदीं थोड्या पैशांत मिळतात. वय हें नाण्याचें भूषण खरें. पण मोल ठरतें तें किती नाणीं उरलीं, तीं किती जणांस हवीं आहेत, व तीं कोणत्या स्थितींत आहेत, ह्या तीन गोष्टींवर.

नाणीं कमी उरण्याचीं कारणें निरनिराळीं असतात. कधीं मुळांतच थोडीं पाडलीं जातात. मोनॅको ह्या चिमुकल्या राज्यानें २००७ सालीं राजकन्या ग्रेस ह्यांच्या स्मरणार्थ दोन युरोचीं अवघीं २०,००१ नाणीं काढलीं. इंग्लंडांत क्यू येथील वनस्पति-उद्यानाच्या स्मरणार्थ २००९ सालीं पन्नास पेन्सचीं २,१०,००० नाणीं निघालीं, आणि सर्वसाधारण लोक सुट्या पैशांत तीं शोधूं लागले. कधीं नाणीं काढून परत घेतलीं जातात. आपल्याकडे १९११ सालच्या रुपयावर पंचम जॉर्ज बादशहांच्या झग्यावरील हत्तीची सोंड इतकी आंखूड उमटली कीं, लोकांस तें डुक्कर वाटलें. गवगवा होतांच तो रुपया मागें घेऊन वितळविण्यांत आला व १९१२ सालीं ठसा सुधारण्यांत आला. जे थोडे बाहेर राहिले, ते ‘डुक्कर रुपया’ ह्या नांवानें संग्राहकांत प्रसिद्ध आहेत. कधीं टांकसाळीच्या चुकीमुळेंहि नाण्यास मोल येतें. इंग्लंडांत २००८ सालीं वीस पेन्सच्या नाण्याचा छाप बदलून सालाचा आंकडा एका बाजूकडून दुसरीकडे नेला. तेव्हां नव्या ठशाबरोबर जुना ठसा वापरला गेला, आणि कांहीं नाणीं दोन्ही बाजूंस सालाचा आंकडा नसलेलीं अशीं बाहेर पडलीं.

ह्या सर्वांहून विलक्षण कथा अमेरिकेच्या १९३३ सालच्या वीस डॉलरच्या सुवर्णनाण्याची आहे. तें पाडलें गेलें ४,४५,५०० इतकें. परंतु त्याच सुमारास सरकारनें सोन्याचें चलन बंद केल्यामुळें तें व्यवहारांत आलेंच नाहीं, व बहुतेक सर्व नाणीं वितळविलीं गेलीं. थोडींशीं मात्र टांकसाळींतून गुपचूप बाहेर गेलीं. त्यांतील एक इजिप्तचे राजे फारूक ह्यांच्या संग्रहांत पोहोंचलें. तें पुढें नाहींसें झालें, १९९६ सालीं न्यूयॉर्क येथें पकडलें गेलें, आणि बऱ्याच वादानंतर २००२ सालीं लिलांवांत विकलें गेलें. २०२१ सालीं त्याचा पुन्हां लिलांव झाला, तेव्हां त्यास सुमारें १ कोटि ८९ लक्ष डॉलर आले. खासगी व्यक्तीस कायदेशीरपणें बाळगतां येणारें तेवढें एकच आहे, म्हणून ही किंमत.

परदेशांत ह्या छंदास सरकारेंहि उत्तेजन देतात, आणि त्यांत त्यांचा लाभ असतो. अमेरिकेनें १९९९ ते २००८ ह्या दहा वर्षांत दरसाल पांच याप्रमाणें आपल्या पन्नास संस्थानांचीं पाव डॉलरचीं नाणीं काढलीं. कोट्यवधि लोकांनीं तीं जमविलीं. पाव डॉलर पाडण्यास त्याहून पुष्कळ कमी खर्च येतो. तेव्हां घरोघरीं जपून ठेवलेल्या प्रत्येक नाण्यामागें सरकारी खजिन्यास फायदाच झाला. ह्याच्या उलट पेनीची गोष्ट. १७९३ सालापासून चाललेलें हें एक सेंटचें नाणें पाडण्यास पावणेचार सेंटच्या सुमारास खर्च येऊं लागला, म्हणून १२ नोव्हेंबर २०२५ रोजीं फिलाडेल्फिया येथें व्यवहारासाठींची शेवटची पेनी पाडण्यांत आली. बातमी ऐकून पुष्कळांनीं आपल्या बरण्या तपासल्या. परंतु अब्जावधि पेनी लोकांजवळ असल्यामुळें बंद झाली म्हणून साधी पेनी दुर्मिळ होत नाहीं. आपल्याकडेहि पंचवीस पैसे व त्याखालचीं नाणीं ३० जून २०११ रोजीं चलनांतून गेलीं, तरी तीं आजहि मुठीमुठीनें सांपडतात.

आतां त्या ‘लाख रुपयांच्या’ नाण्याविषयीं. देवीचें चित्र असलेलें पांच किंवा दहा रुपयांचें नाणें द्या आणि लक्षाधीश व्हा, अशा अफवा वारंवार पसरतात. गरजू मनुष्य भुलून चौकशी करतो. समोरचा गृहस्थ गोड बोलून आधीं नोंदणीचे, मग कराचे, मग दलालीचे पैसे मागतो, व ते मिळतांच अदृश्य होतो. नाणें विकलें जात नाहींच; पदरचे पैसे मात्र जातात. ह्या प्रकारांत रिझर्व्ह बँकेचें नांव वापरलें जाऊं लागल्यामुळें त्या बँकेनें ऑगस्ट २०२१ मध्यें जनतेस उघड इशारा दिला कीं, आपण असल्या व्यवहारांत पडत नाहीं, व त्यासाठीं शुल्क किंवा दलाली घेत नाहीं. खरा ग्राहक तुम्हांस पैसे देतो, तुमच्याकडून मागत नाहीं. एवढें एक सूत्र लक्षांत ठेवलें तरी पुष्कळ नुकसान टळेल. अफवेचा दुसरा प्रकार खऱ्या नाण्यास खोटें म्हणण्याचा. दहा रुपयांचें नाणें घेण्यास दुकानदार नकार देऊं लागले, तेव्हां जानेवारी २०१८ मध्यें रिझर्व्ह बँकेस सांगावें लागलें कीं, त्याचे चौदाहि छाप खरे व चालू आहेत.

संग्रहास आरंभ करणाऱ्यांनीं कांहीं नियम पाळावेत. पहिला नियम, नाणें घासून उजळूं नये. आमच्या एका विद्यार्थ्यानें आजोबांनीं दिलेलीं तांब्याचीं नाणीं चिंच व राख लावून लख्ख केलीं व मोठ्या हौसेनें दाखविलीं. त्यांवरील अक्षरें जवळजवळ पुसून गेलीं होतीं. वर्षानुवर्षें चढलेला काळसर थर धातूचें रक्षण करतो. संग्राहक त्यासच मान देतात. दुसरा नियम, नाणें नेहमीं कडेनें धरावें व कोरड्या जागीं निरनिराळ्या पाकिटांत ठेवावें. तिसरा व सर्वांत महत्त्वाचा नियम, प्रत्येक नाण्याची वहींत नोंद करावी : साल, टांकसाळ, धातु, तें कोणाकडून व केव्हां मिळालें. नोंद नसलेला संग्रह म्हणजे नांवें न लिहिलेलीं छायाचित्रें होत.

कायद्याचेंहि भान ठेवावें. जमिनींत दडलेला दहा रुपयांहून अधिक किंमतीचा निधि सांपडल्यास १८७८ च्या कायद्याप्रमाणें जिल्हाधिकाऱ्यांस कळविणें हें सांपडणाऱ्याचें कर्तव्य आहे. शंभर वर्षांहून जुनें नाणें १९७२ च्या कायद्यानें पुरावस्तु ठरतें व तें खासगी व्यक्तीस परदेशीं पाठवितां येत नाहीं. चालू नाणीं वितळविणें हा २०११ च्या नाणेविषयक कायद्यानें गुन्हा आहे.

पैसा न खर्च करतांहि ह्या विद्येचा आनंद घेतां येतो. मुंबईस छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत, तसेंच नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणकशास्त्राच्या संशोधनसंस्थेंत जुनीं नाणीं पाहावयास मिळतात. सुटींत मुलांस तेथें अवश्य न्यावें.

पालकांस आमची एकच विनंति आहे. घरांतील जुनीं नाणीं अडचणीच्या दिवशीं सोनाराकडे वजनावर घालण्यापूर्वीं जाणत्या माणसास एकदां दाखवावीं, आणि तीं कोणाच्या हातून घरांत आलीं तें वडील माणसांस विचारून मुलांकडून लिहवून घ्यावें. बहुतेक नाण्यांस बाजारांत फारसा भाव येणार नाहीं. पण जिच्या कनवटीस तें नाणें होतें त्या आजीची हकीकत ती हयात आहे तोंवरच ऐकावयास मिळते, आणि ती कोणत्याहि टांकसाळींत पुन्हां पाडतां येत नाहीं.